वाटेचा टाका

मानीबाईच्या हातची कांचळी, म्हणजे बंजारा बायांची कशिद्याची चोळी, उलटी करून पाहिली तरी सुलटीच वाटे. उमरखेड तालुक्यातल्या पाच-सात तांड्यांत लग्नाची किंवा तीज सणाची कांचळी शिवायची म्हटलं की बाया तिच्याच दारात येऊन बसत. ती कापड हातात घेई, दोन बोटांत चुरगाळून सोडून देई आणि सांगे, "हे दोन सालं टिकन. मंग माही जबाबदारी नाही." बावन्न वर्षांच्या या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण शिवणीत खोट कुठे आहे ते तिला कापड उलटं करताच कळे. माणसांची पारखही ती तशीच करी. फार गोड बोलणारा कुणी भेटला की ती घरी येऊन म्हणे, "यानं आतून कायतरी झाकून ठेवलं हाय."

तिच्या माहेरी एक रीत होती. जुन्या काळी त्या घरातले पुरुष बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. माणूस निघण्याआधी आईनं किंवा बहिणीनं त्याच्या अंगरख्यावर पाठीच्या बाजूला तळहाताएवढा कशिदा भरायचा, मधोमध एक कवडी लावायची. याला वाटेचा टाका म्हणत. समोरून येणारं संकट माणूस आपल्या डोळ्यांनी पाहतो, मागून येणारं टाका पाहतो, अशी समजूत. सासरच्या तांड्यात ही रीत कुणाला ठाऊक नव्हती. मानीबाईनं ती आपल्याबरोबर आणली होती.

आणण्याला कारण होतं. तिचा भाऊ रामसिंग एकोणीस वर्षांचा असताना ट्रकवर क्लिनर म्हणून निघाला. आई तापानं पडलेली. टाका मानीनं भरायचा होता. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि त्या दिवशी मैत्रिणींबरोबर कापूस वेचायला जायची घाई होती. "परत आल्यावर भरून देतो ना, भिया," ती म्हणाली. रामसिंग हसला आणि गेला. अकराव्या दिवशी इंदूरच्या पुढच्या कुठल्याशा घाटातून फक्त त्याची पिशवी परत आली. कोणी मानीला बोल लावला नाही. आईनंसुद्धा नाही. पण तेव्हापासून दूर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर टाका नसला की मानीबाईला अन्न गोड लागत नसे. नवरा उत्तमसिंग साधा नांदेडला दवाखान्यात जाताना त्याच्या सदऱ्याच्या आत चार टाके सापडत. तो ते तसेच राहू देई. मुळातच तो कमी बोलणारा शेतकरी होता.

त्यांची एकुलती एक मुलगी राखी. आश्रमशाळेत शिकताना ती पळायला लागली, कॉलेजात गेल्यावर माहूरच्या डोंगरांवर दोर बांधून चढायला लागली. सुनील सर नावाचे एक खेळाचे शिक्षक नागपूरहून येऊन मुला-मुलींना गिर्यारोहण शिकवत. त्यांनी तिला हेरलं. हिमालयातलं पहिलं शिक्षण तिनं पूर्ण केलं, आणि तेविसाव्या वर्षी सहा मुलींच्या एका तुकडीत तिची निवड झाली. सप्टेंबरात हिमाचलातल्या एका सहा हजार मीटरच्या शिखरावर जायचं होतं.

सरांनी सामानाची यादी दिली. तंबू, दोर, बूट सरांच्या गिर्यारोहण क्लबकडून मिळणार होते. एक वस्तू मात्र ज्याची त्यानं घ्यायची होती, कारण ती अंगाला नीट बसावी लागते: सगळ्यात वरून घालायचं जॅकेट. पाणी न शिरणारं, वारा न शिरणारं, आणि घासलं तरी न फाटणारं.

"कापड घ्याचं हाय त मी येतो," मानीबाई म्हणाली.

"याडी, ते कापड नाही, जॅकेट हाय," राखी आईला म्हणाली.

"जॅकेट काय झाडाले लागते काय? कापडाचंच असन ना?"

अशा रीतीनं मायलेकी एसटीनं नागपूरला गेल्या.

दुकान मोठं होतं, थंडगार होतं. प्रफुल्ल नावाचा तरतरीत विक्रेता पुढे आला आणि त्यानं राखीकडे एक नजर टाकून गुलाबी रंगाचं, फुलासारखं हलकं जॅकेट काढलं.

"मॅडम, लेडीजमध्ये हे खूप चालते. फोटोत एकदम मस्त दिसते."

"फोटोत मी दिसतो, दादा. जॅकेटचं काम पानी थांबवाचं हाय," राखी म्हणाली. "खांद्यावर जाड कापड असलेलं दाखवा. पंधरा किलोची पिशवी घासते तिथं."

प्रफुल्लनं मग मुकाट्यानं खालचा कप्पा उघडला. राखीनं एकेक जॅकेट अंगावर घातलं. ती नुसती आरशासमोर उभी राहिली नाही. आत लोकरी कपडे येतील एवढी जागा आहे का ते तिनं जाड स्वेटर घालून पाहिलं. दोन्ही हात वर ताणून, जणू वरचा खडक पकडतेय असे, कंबरेवरून जॅकेट वर सरकतं का ते पाहिलं. पुरुषांच्या मापातली सगळी खांद्यात ढगळ आणि कुल्ल्यांवर आवळ होती, ती बाजूला झाली. टोपी हेल्मेटवर बसते का, कंबरेला दोराचा पट्टा बांधल्यावर खिसे त्याच्या वर राहतात का, काखेत घाम बाहेर काढायची चेन आहे का, हातमोजे घालून ती चेन ओढता येते का. दुकानातल्या दुकानात ती उकिडवी बसली, उठली, वाकली. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघत राहिली.

"पोरगी सर्कशीत हाय काय?" एका बाईनं मानीबाईला हळूच विचारलं.

"नाही वं माय," मानीबाई म्हणाली. "सर्कशीत खाली जाळी असते."

शेवटी दोन उरली. एक पिवळं, हलकं. दुसरं लाल, जरा जड, तीन थर एकमेकांना चिकटवून केलेलं. मानीबाईनं दोन्ही मागून घेतली. पिवळं तिनं चुरगाळलं आणि लगेच परत दिलं. लाल मात्र तिनं बराच वेळ हातात ठेवलं. अंगठ्यानं खांद्यावर घासलं. असं कापड तिच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. मग सवयीनं तिनं ते उलटं केलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आतल्या सगळ्या शिवणींवर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी चिकटवलेली होती.

"शिवण झाकली यायनं," ती म्हणाली. "ज्याचं काम चोख हाय, त्यानं झाकाचं कायले?"

"मावशी, ती टेप हाय," प्रफुल्ल हसून म्हणाला. "कंपनीचीच असते. चांगल्या मालालेच असते. तुम्ही शिवणीचं टेन्शन घेऊ नका, हे पाहा." त्यानं बाटलीतलं पाणी जॅकेटच्या बाहीवर ओतलं. अळूच्या पानावर फिरावेत तसे थेंब फिरले आणि खाली पडले. बाही कोरडी. "पाहा. याच्यात पाणी जाऊच शकत नाही. काही करा, कसंही वापरा. टाकीच्या टाकी ओता."

राखी काहीतरी सांगणार होती. सरांनी वर्गात टेपेचं कारण समजावलं होतं. पण तेवढ्यात प्रफुल्लला दुसऱ्या गिऱ्हाइकानं हाक मारली, परतीच्या गाडीला तासभरच उरला होता, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. लाल जॅकेट घेतलं गेलं. मानीबाईच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं: कापड एक नंबरचं, कसंही वापरा, फक्त शिवणाऱ्यानं काम झाकलंय.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी राखी जॅकेट घालून शेतातल्या बोअरच्या पाइपाखाली जाऊन बसली. उत्तमसिंगनं मोटर चालू केली. मनगटाएवढी धार तिच्या पाठीवर कोसळत राहिली. तांड्यातल्या बाया गोळा झाल्या.

"बिमार पडशीन वं!"

"म्हशीसारखी बसली पाह्य!"

दहा मिनिटांनी राखी उठली आणि जॅकेट काढलं. आतला सुती सदरा इस्त्री केल्यासारखा कोरडा होता. मानीबाईनं स्वतः त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्या बायांना बोलावून हात फिरवायला लावला.

बाया पांगल्यावर ती जॅकेट वाळत घालता घालता म्हणाली, "आता याले मी टाका भरतो."

राखी थबकली. खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की याडीची रीत चुकीची ठरणार, मग रामसिंगमामाची गोष्ट निघणार, मग रडणं. आणि आणखीही एक होतं, ते तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं. मागच्या शिबिरात तिच्या सदऱ्यावरची कवडी पाहून दोन शहरी मुली एकमेकींकडे बघून हसल्या होत्या.

"नको, याडी. यावर नको."

"काहून?"

"पोरी हसतात."

मानीबाईनं तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटलं. अडचण एवढीच असेल, तर तिच्यावर उपाय होता. दिसेल असा भरायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी राखी डॉक्टरचा दाखला आणायला उमरखेडला गेली. भर दुपारची वेळ. उत्तमसिंग सोयाबीनच्या वावरात. मानीबाईनं दार लोटलं, जॅकेट मांडीवर उलटं पसरलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधली जागा बोटांनी मोजली. दोऱ्याला मेण फिरवलं. लाल दोरा तिनं जॅकेटच्या रंगाशी लावून-लावून निवडला होता.

तिचा बेत आतल्या आत टाका घ्यायचा होता. अस्तराला तेवढा टाका, बाहेर काही नाही. पण या कापडाला आत-बाहेर असं वेगळं नव्हतंच. तिन्ही थर एकजीव. सुई थोडी आत जाऊन अडली. मानीबाई क्षणभर थांबली. मग तिनं अंगठ्यावर शिवणकामाचं टोपण चढवलं आणि जोर दिला.

टच्च.

असा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. सुती कापडातून सुई मुकाट जाते, जाड खादीतून किरकिर करत जाते. हे कापड दर टाक्याला बारीक, कोरडा आवाज करत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. टच्च. टच्च. दोन तास ती वाकून बसली होती. कवडी तिनं लावली नाही, पाठीला टोचली असती. बाहेरच्या बाजूनं टाके इतके बारीक घेतले की लाल कापडावर लाल दोरा शोधूनही सापडू नये.

काम झाल्यावर तिनं जॅकेट दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरलं, कुठे दोरा सैल राहिलाय का पाहायला. ऊन पलीकडून येत होतं. टाक्यांच्या कडेकडेनं सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. पुष्कळ होते.

तिनं ते पाहिलं. मग जॅकेट खाली घेतलं, घडी घातली आणि राखीच्या पिशवीत सगळ्यात तळाशी ठेवलं.

राखी गेली. पुढचे आठ-दहा दिवस मानीबाई इतकी निवांत होती की उत्तमसिंगलाच नवल वाटलं. लेकीचा फोन डोंगराखालच्या शेवटच्या गावातून आला, "आता नेटवर्क नाही भेटणार, दहा-बारा रोज. चिंता करू नको." आणि मानीबाई खरंच चिंता करत नव्हती. पाठीवर टाका होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पायल आली. पायल नगराळे मूळची केळापूरची, उमरखेडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. ती तुकडीतली सहावी मुलगी होती, पण सरावात घोटा मोडला आणि तिच्या जागी दुसरी गेली. प्लास्टर निघालं होतं, अजून लंगडत होती. मोबाइलवर शेवटच्या गावातले फोटो आले होते, ते दाखवायला मुद्दाम ऑटो करून आली.

मानीबाईनं चहा ठेवला. फोटोत राखी लाल जॅकेटात उभी होती, मागे पांढरे डोंगर.

"तुले कोनी टाका भरून नाही देल्ला, म्हणून पाय मोडला तुहा," मानीबाई म्हणाली. "पुढच्या वेळी जॅकेट घेऊन ये माह्याकडं."

पायल हसली. "अवो मावशी, जॅकेटले सुई लावत नसतात!"

"काहून?"

"सगळा खेळच त्याच्यात हाय ना. माह्या जॅकेटले बाभळीचा काटा लागला होता, येवढासा. तिथून बाही ओली. मंग त्याच्यावर आतून-बाहेरून चिकटपट्टी लावली तेव्हा कुठं जमलं. कंपनीवाले शिवतात तेव्हा जी भोकं पडतात ना, तीसुद्धा टेप लावून बुजवतात. पाह्यली नाही काय तुम्ही आतून पट्टी?"

चुलीवरचा चहा वर आला. मानीबाईनं तो फुंकर घालून खाली बसवला.

"आन् दोऱ्याले मेण लावलं त?"

"कायचं मेण! दोरा त वातीसारखा पानी ओढते, मावशी. भोकापेक्षा दोरा वाईट."

"आन् पानी गेलं आत, त काय होते? वाळते ना मंग?"

पायलला हा प्रश्न शिकवण्याजोगा वाटला. ती शिक्षिका होती, तिनं मन लावून सांगितलं. "इथं वाळते. तिथं नाही वाळत. पाठ ओली झाली आन् वारा सुटला, का आंग आतून थंड होत जाते. माणसाले कळतच नाही, हे वाईट. पह्यले हात ऐकत नाहीत, बकल लागत नाही. मंग बोलणं जड होते. मंग झोप येते. बसतो म्हणते माणूस, दोन मिनिटं बसतो. तेव्हा बसू द्याचं नसते."

"अस्सं," मानीबाई म्हणाली आणि कप पुढे केला.

त्याच घडीला ती सांगू शकली असती. मोबाइल पायलच्या हातात होता. पण तोंड उघडायचं म्हणजे काय सांगायचं? पोरीनं नको म्हटलं होतं, तरी मी केलं. दार लावून केलं. आणि रामसिंगच्या वेळी टाका नव्हता म्हणून घात झाला, आता टाका आहे म्हणून होणार? असं कसं होईल? तिनं स्वतःला समजावलं. टाके बारीक होते. मेण भरपूर होतं. पायल अजून पोर आहे, पोरी वाढवून सांगतात. पायल गेली. मानीबाईनं संध्याकाळच्या भाकरी केल्या, त्यातल्या दोन करपल्या. उत्तमसिंगनं करपलेल्या आपल्या ताटात घेतल्या.

सकाळी आभाळ भरून आलं. छपराच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला आणि एका खिळ्याच्या भोकातून नेहमीसारखा थेंब गळायला लागला. मानीबाई त्याच्याखाली भांडं ठेवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. खिडकीतले ते उजेडाचे ठिपके तिला आता डोळे उघडे ठेवूनही दिसत होते.

"मी तिच्या जॅकेटले टाका भरला," ती नवऱ्याला म्हणाली.

उत्तमसिंग बैलाचा कासरा वळत होता. त्याचे हात थांबले. बोअरच्या पाइपाखाली बसलेली पोर त्यानंच पाहिली होती, आणि काल पायलचं बोलणं ओट्यावरून ऐकलं होतं.

"केवढा?"

तिनं तळहात उघडून दाखवला.

"चाल," तो म्हणाला.

दोघं काळी-पिवळी जीपनं उमरखेडला पोचले तेव्हा शाळेची मधली सुट्टी चालू होती. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पायलला मानीबाईनं सगळं एका दमात सांगितलं. पायलनं मोबाइल बाहेर काढला. तिनं विचारलं, "किती टाके असतील, मावशी?"

"शंभराच्या वर."

"एका टाक्याले दोन भोकं," पायल पुटपुटली. मग तिनं शेवटच्या गावातल्या मुक्कामाच्या घरमालकाला फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. ती हिंदीत भराभर बोलली, मग ऐकत राहिली. मानीबाईला तिच्या चेहऱ्याशिवाय काही वाचता येत नव्हतं.

"काय म्हणते?"

"चिठ्ठी पाठवतो म्हणते. खेचरं घेऊन रेशन पोचवणारा माणूस हाय त्याचा. पण ते..."

"पण काय?"

"खेचरं आज सकाळीच गेली. आता परवा जातील. आज पायी माणूस धाडून पाह्यतो म्हणला. वर मोसम खराब हाय."

काल दुपारी चहा पिताना फोन केला असता, तर चिठ्ठी सकाळच्या खेचरांबरोबर गेली असती. हे पायलनं बोलून दाखवलं नाही. उत्तमसिंगनंही नाही. शाळेची घंटा झाली, मुलं वर्गात पळाली. तिघं मैदानावर तशीच उभी राहिली.

त्यानंतरचे पाच दिवस मानीबाईनं सुई हातात धरली नाही. तीन बाया कांचळ्या घेऊन आल्या आणि परत गेल्या. ती ओट्यावर बसे. कुणी विचारलं तर "आंग दुखते" म्हणे. तिला पायलचं एकेक वाक्य क्रमानं आठवे: हात ऐकत नाहीत, बोलणं जड होतं, झोप येते. ती मनातल्या मनात लेकीला एकच सांगत राही, बसू नको. लोक म्हणत, देवाला साकडं घाल. तिनं घातलं नाही. ज्याच्या नावानं टाका भरला, त्यालाच आता तो टाका निकामी कर म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं, हे तिला समजत नव्हतं.

सहाव्या दिवशी सुनील सरांचा फोन आला. उत्तमसिंगनं उचलला. समोरून पहिलं वाक्य आलं ते असं: "घाबरू नका, तिनं आता बोलायला सुरुवात केली आहे."

झालं ते सरांनी थोडक्यात सांगितलं. वरच्या तंबूकडे निघाल्यावर दुपारी पाऊस आणि बर्फ एकत्र सुरू झाला. चार तास. राखी पुढे होती, नेहमीसारखी भक्कम. मग तिला दोराचं बकल लावता येईना. सरांना वाटलं हातमोज्यामुळे असेल. नंतर ती उगाच हसली आणि म्हणाली, सर, मी इथंच बसतो. सरांनी तिच्या जॅकेटच्या आत पाठीवर हात घातला, तर आतले सगळे कपडे पिळून घ्यावेत असे ओले. तिला कोरड्या कपड्यांत गुंडाळून दोघींनी धरून खाली आणलं. चिठ्ठीवाला माणूस त्यांना वाटेतच भेटला, खाली येताना. शिखर कोणालाच मिळालं नाही. तिला खाली आणण्यात जो दिवस गेला, त्यानंतर हवा उघडलीच नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना थंडीचा मार बसला होता. बोटं वाचतील, डॉक्टर म्हणत होते. संवेदना परत येईल की नाही, ते आता सांगता येत नव्हतं.

राखी पंधरा दिवसांनी घरी आली. वाळली होती. नाकाची कातडी निघाली होती. तांड्यातल्या बाया भेटायला आल्या. "काय झालं वं, शिखर काहून नाही झालं?"

"मोसम खराब होता," राखी म्हणाली. "आन् माहा पाय घसरला."

मानीबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. पोरीला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत होतं. लहानपणी आंबे चोरले तरी ही स्वतःहून येऊन सांगायची. आज ती सगळ्यांच्या डोळ्यांत बघून, न अडखळता बोलत होती.

सगळ्या गेल्यावर राखीनं जेवायला घेतलं. घास तिनं डाव्या हातानं मोडला. मानीबाई समोर बसली.

"मी तुले खरं कारण सांगतलं असतं, त तू केलं नसतं," राखी खाली बघत म्हणाली. "पोरी हसतात म्हनलं मी. ते माहं चुकलं, याडी."

"तू नको म्हनली होती," मानीबाई म्हणाली. "कारण कोणतंही असो."

यापुढे त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. पूर्वीसारखंच सगळं चालू झालं. राखी हसे, स्वयंपाकाला हात लावे, बापाबरोबर वावरात जाई. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तव्याच्या कडेला टेकलं तरी तिला समजत नसे. मानीबाई दुरूनच ओरडे, "हात काढ!"

फाल्गुनात सुनील सरांचा फोन आला. मे महिन्यात पुन्हा जायचं ठरत होतं. तेच शिखर, त्याच मुली, या वेळी पायलसुद्धा. उत्तमसिंगनं बायकोकडे पाहिलं. मानीबाई म्हणाली, "जाय."

एप्रिलच्या एका रविवारी राखी नागपूरला जाऊन आली. या वेळी तिनं याडीला बरोबर चल असं म्हटलं नाही, आणि मानीबाईनंही विचारलं नाही. संध्याकाळी राखी परतली. कानटोपी आणली होती, मोजे आणले होते, नवीन हातमोजे आणले होते. एकेक वस्तू तिनं खाटेवर मांडली आणि यादीवर खुणा केल्या. मानीबाईनं प्रत्येक वस्तू पाहिली. हातमोजे हातात घेतले, शिवण पाहिली, परत ठेवले. खाटेवर जॅकेट नव्हतं.

दोन दिवसांनी पायल आली तेव्हा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "राखीचं निळं जॅकेट मस्त हाय मावशी, माह्या खोलीवर टांगून हाय." आणि मग ती एकदम थांबली आणि राखीकडे पाहू लागली. राखी चहाचे कप उचलत होती.

"बरं केलं," मानीबाई म्हणाली. "इथं उंदरं हायत."

मे महिन्याच्या सहा तारखेला राखी निघाली. एसटी फाट्यावर यायची होती, तिथपर्यंत तिघं चालत गेले. ऊन तापायला लागलं होतं. राखीनं दोघांना वाकून नमस्कार केला आणि गाडीत चढली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं खिडकीतून हात हलवला, डावा. गाडी उमरखेडच्या दिशेनं निघाली, जिथे पायलच्या खोलीवरून जॅकेट घ्यायचं होतं. मानीबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पोर दूर निघाली होती आणि तिच्या अंगावर घरचा एकही टाका नव्हता. उत्तमसिंग दोनदा "चाल" म्हणाला. तिला ऐकू गेलं, पण ती हलली नाही.